सरांचा हात

नाशिक,
१० ऑगस्ट

महेश,

पत्राच्या वर चिरंजीव आणि अनेक आशीर्वाद लिहायची माझी पद्धत तुला माहीत आहे. या वेळी लिहीत नाही.

काल राखीपौर्णिमेला तू दाराशी आलास, बेल वाजवलीस, बराच वेळ उभा राहिलास. मी आतच होते. तू गेल्यावर शेजारच्या बाई म्हणाल्या, "डॉक्टर भाऊ आले होते, तुमचा डोळा लागला होता वाटतं." मी हो म्हटलं. तुझ्यापायी तेवढं एक खोटं बोलले.

ताई फोन का उचलत नाही, असं तू माझ्या लेकीला, सायलीला विचारलंस. फोनवर तू बोलायला लागलास की माझं बोलायचं राहून जातं. तुझा आवाज गोड आहे. पेशंटचे नातेवाईक तुला देवमाणूस म्हणतात ते निम्मं त्या आवाजामुळे. मी पाटबंधारे खात्यात नोकरीभर पत्रंच लिहिली. लिहिताना मला कोणी मध्ये थांबवत नाही, म्हणून लिहिते आहे.

गेल्या रविवारी तुझा सार्थक आला होता. तू पाठवलेलं नव्हतंस, आपणहून आला. तो तुझ्याकडे सर्जरी शिकतो एवढं मला माहीत होतं. तुझ्या दाजींचं ऑपरेशन त्याने केलं, हे मात्र मला त्याच्याच तोंडून कळलं. तू मला म्हणाला होतास, "आम्ही केलं." आम्ही म्हणजे कोण, हे विचारायचं भान तेव्हा मला नव्हतं.

चांगला मुलगा आहे. वणीचा. येताना पेढे घेऊन आला, आणि दुखवट्याच्या घरी पेढे कसे द्यायचे म्हणून पिशवी मांडीवर धरून बसला. शेवटी मीच ती घेतली. पोहे केले. ते त्याने संपवले आणि "छान झालेत काकू" म्हणाला. झाले असतील. माझ्या तोंडाची चव करोनात गेली ती पूर्ण परत आलीच नाही. मीठ किती पडलं ते मला कळत नाही. तुझे दाजी ओट्याशी उभे राहून चमचाभर चाखायचे आणि सांगायचे, "मंजू, लय खारट. पाणी घाल." नाहीतर, "आज काय आजाऱ्याचं जेवण हाय का?" पाहुण्यांसमोरसुद्धा सांगायचे. मला फार राग यायचा. आता मी अंदाजाने घालते.

सार्थक रडला. मग म्हणाला, "काकू, त्या दिवशी सरांचा हात लागला नाही हो."

मी विचारलं, म्हणजे काय.

तो म्हणाला, "आमच्या युनिटची पद्धत आहे. ऑपरेशन आम्ही करायचं. शेवटी सर येतात, बघतात, म्हणतात, 'छान. सरक जरा.' आणि दोन-चार टाके स्वतः घालतात. सिस्टर म्हणतात, सरांचा हात लागला, आता पेशंट चालत घरी जाणार. काकांच्या वेळी चांदवडच्या घाटातल्या अपघाताची माणसं आली आणि सर दुसऱ्या थिएटरला गेले. मी थांबलो होतो. मग निरोप आला, पोट तूच बंद कर."

"दोन-चार टाके जास्तीचे घालतात?" मी विचारलं.

"नाही, आमचे काढतात आणि तिथे त्यांचे घालतात."

"काढतात कशाला?"

"जागा करायला," तो म्हणाला.

महेश, खात्यात साहेब माझ्या मसुद्यातली ओळ खोडून आपली लिहायचे. ते जागा करायला नव्हे. माझी ओळ चुकलेली असायची.

तू अपघाताची माणसं बघायला गेलास त्याचा मला राग नाही. तीही कोणाची तरी होती. मला एवढंच विचारायचं आहे. तू त्याचे टाके का काढतोस? लिहून कळव. येऊ नकोस.

मंजुषा


नाशिक,
२४ ऑगस्ट

महेश,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, कोणालाही लागू नये असं.

तू लिहिलंस ते मी परत एकदा इथे लिहिते, म्हणजे मला समजलं ते बरोबर आहे का हे तुला कळेल. सार्थक टाका जास्त घट्ट ओढतो. आतड्याचे दोन तुकडे जोडताना टाका फार घट्ट बसला की तिथल्या कडेला रक्त पोचत नाही. ती कड हळूहळू मरते. चार-पाच दिवसांनी जोड सुटतो आणि पोटात घाण पसरते. तुझ्या दाजींचं तसंच झालं असावं. सार्थक पहिल्यापासून टाका घट्ट ओढतो, ते तुला पहिल्यापासून माहीत आहे, आणि तू ते टाके गुपचूप काढून नीट घालत आलास. बरोबर?

आणि पुढे तू लिहिलंस, "त्याला वाईट वाटू नये म्हणून कधी बोललो नाही."

हे वाक्य मी वाचलं आणि पत्र ओट्यावर ठेवून बाहेर गेले. कॉलनीला दोन चकरा मारल्या. परत आले तरी वाक्य तिथेच होतं.

त्याला वाईट वाटू नये. बरं. मग मला वाटलेलं चालतं? सायलीला चालतं? पाचव्या दिवशी ताप चढला, पोट फुगलं, तुझे दाजी माझा हात धरून म्हणाले, "मंजू, महेशला बोलव, काहीतरी चुकलंय." त्यांना खाटेवर पडल्या पडल्या कळलं की चुकलंय. ज्याने केलं त्याला आजपर्यंत कळलेलं नाही. तो अजून समजतो की आशीर्वाद राहून गेला.

दशक्रियेला गोदावरीवर सगळ्यांत जास्त तू रडलास. लोक म्हणाले, असा मेव्हणा मिळायला भाग्य लागतं. मी तुला पाण्याचा तांब्या दिला. आज मला त्या तांब्याचासुद्धा राग येतो.

आणि सार्थकच्या आधी किती जण शिकून गेले तुझ्या हाताखालून? कोणी मालेगावला आहे, कोणी धुळ्याला. त्यांनाही तू "छान, सरक जरा" म्हणालास. तिथे त्यांच्या मागे कोण उभं राहतं?

मी तुला शिव्या देत नाही, कारण मला येत नाहीत.

मंजुषा


नाशिक,
१४ सप्टेंबर

महेश,

तुझ्या दुसऱ्या पत्रात तू तुझ्या मुंबईच्या सरांची आठवण काढलीस. मला ती लिहून कळवायची गरज नव्हती. तू शिकत असताना सुट्टीला आमच्याकडे आला होतास, उजव्या हाताची बोटं सुजलेली. सरांनी लोखंडी चिमटा बोटांवर मारला होता आणि सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तू शेण उचलायला जा." हळद आणि तुरटी मीच लावली. तू म्हणालास, "ताई, मी सर झालो तर कोणाला एक शब्द लागेल असं बोलणार नाही." मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता. तुझे दाजी मात्र म्हणाले होते, "मग शिकवणार कसा रे? मुक्यानं?"

आपण हसलो होतो.

त्या माणसाने तुला मारलं ते वाईटच होतं. पण मारणं आणि गप्प बसणं यांच्यामध्ये काहीच नाही का? तू मला स्कूटर शिकवलीस ते आठव. गंगापूर रोडला, पहाटेची रहदारी नसताना. तू कॉलेजात होतास, मी लग्न झालेली बाई, आणि तू मागे बसून म्हणायचास, "चुकलं. ताई, चुकलं. आधी ब्रेक, मग किंचाळ. परत." मला लाज वाटायची, रडूही आलं एकदा. तू थांबला नाहीस. मी पडू नये म्हणून सांगत होतास. मग सार्थकने काय घोडं मारलंय? की मी पडले असते तर तुझ्या अंगावर पडले असते, आणि तो पडला की दुसऱ्याच कोणाच्या तरी अंगावर पडतो?

काल तो परत आला होता. आनंदात होता. त्याला नेमणूक मिळाली, सुरगाण्याकडच्या सरकारी रुग्णालयात. दसऱ्यानंतर रुजू व्हायचं. तो एकटाच सर्जन. म्हणाला, "काकू, सरांनी माझ्या मूल्यमापनात सगळीकडे 'उत्तम' लिहिलंय. एकही शेरा नाही." मग म्हणाला, "फक्त तिकडे सरांचा हात नसणार. सर म्हणाले, घाबरू नकोस, तुझ्या हातालाच यश आहे."

तू असं म्हणालास?

महेश, सुरगाण्याच्या डोंगरातली कोणी भागीबाई पोट धरून जीपमधून येईल. तिला आडवळणाच्या पाड्यावरून आणायलाच अर्धा दिवस गेलेला असेल. हा मुलगा मन लावून तिचं ऑपरेशन करील, कारण तो मन लावूनच करतो. जोड देईल, घट्ट, चांगला घट्ट, तुझ्या 'उत्तम' इतका. आणि पाचव्या दिवशी तिचा नवरा म्हणेल, काहीतरी चुकलंय. तेव्हाही त्याला कळणार नाही काय ते. तो म्हणेल, आपल्या हातालाच यश नाही. मग तुला वाचवायचं होतं ते त्याचं मन कुठे राहील?

सायली बंगळुरूहून रोज फोन करते. तिला तक्रार करायची आहे. मी तिला थांबवून ठेवलं आहे. तुझ्यासाठी नाही. कागदावर ऑपरेशन सार्थकच्या नावावर आहे. तक्रार झाली तर ती त्याच्या मानेवर बसेल आणि तू तेव्हाही गोड आवाजात त्याची बाजू घेशील.

तो जायच्या आत त्याला सांग. त्याला सांगायचं, मला नाही. मला तू पुष्कळ लिहिलंस.

मंजुषा


नाशिक,
२८ सप्टेंबर

महेश,

सायलीच्या फोनवर तुझा निरोप आला, "ताईला सांग, मी सार्थकशी बोललो." मला बरं वाटलं. तुझे दाजी गेल्यावर प्रथमच मी दुपारी रेडिओ लावला.

संध्याकाळी सार्थक आला. मी त्याचा चेहरा बघितला आणि रेडिओ बंद केला. तो हसत होता.

"काकू, आज सरांनी केबिनमध्ये बसवून चहा पाजला. दार लावून. मला वाटलं काहीतरी झालं. तर म्हणाले, 'सार्थक, तुझ्या हातात ताकद आहे. ताकदीचं काय करायचं ते माणसाला हळूहळू कळतं. आतडं फुलासारखं असतं, हे लक्षात ठेव.' किती छान बोलतात ना सर!"

मी विचारलं, "म्हणजे तुला काय कळलं?"

"आशीर्वादच दिला ना त्यांनी. निघण्याआधी."

"टाक्यांबद्दल काही म्हणाले?"

"नाही. का हो?"

हे तुझं बोलणं! फूल! अरे, तुला दवाखाना काढायचा होता की काव्यवाचन करायचं होतं? त्या पोराला दार लावून चहा पाजलास आणि आतल्या आत स्वतःला सांगितलंस की झालं एकदाचं. तुझं ओझं उतरलं. त्याच्या पदरात फूल पडलं.

मी त्याच वेळी सांगू शकत होते. तोंड उघडलंही. पण मी काय सांगणार? टाका किती ओढायचा, कुठे थांबायचं, हे मला दाखवता येत नाही. चुकलं एवढंच सांगितलं आणि बरोबर कसं ते दाखवलं नाही, तर तुझ्या मुंबईच्या सरांत आणि माझ्यात फरक काय? शेवटी मी म्हटलं, "अजून थोडे पोहे घे." त्याने घेतले.

आता नीट वाच. फूल म्हणू नकोस. ताकद म्हणू नकोस. मटणवाल्याकडून बोकडाचं आतडं आण. सार्थकला जोड द्यायला लाव, आणि जो टाका चुकेल त्याच्यावर बोट ठेवून म्हण, हा चुकला. का चुकला ते सांग. बरोबर कसा ते तुझ्या हाताने दाखव. मग त्याला परत घालायला लाव, बरोबर येईपर्यंत. आणि त्याने दाजींचं विचारलं तर खरं सांग. त्याच्या वाटचं आणि तुझ्या वाटचं, दोन्ही.

त्याला वाईट वाटेल. वाटू दे. तू तिथे उभा राहा, चहा सांगायला बाहेर जाऊ नकोस.

दसऱ्याच्या आत हे झालं नाही तर मी सायलीला होकार देणार आहे. मग कोणाचं नाव कुठे येतं ते येऊ दे. मी हे धमकी म्हणूनच लिहिते आहे.

मंजुषा


नाशिक,
१२ ऑक्टोबर

महेश,

तू सांगितलंस हे मला कळलं. तुझ्याकडून नाही, बेलच्या आवाजावरून. सार्थक एरवी एकदा बटण दाबून मागे सरकून उभा राहतो. त्या दिवशी त्याने बोट काढलंच नाही.

हेल्मेट डोक्यावर तसंच. आत येऊन उभ्या उभ्या म्हणाला, "काकू, तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हटलं, "हो."

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून."

"आणि मी इथे येऊन पोहे खात होतो."

मी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. काय झालं ते त्याने उभ्यानेच सांगितलं. तुला माहीत आहे, तरी लिहिते. त्याच्याकडून ते कसं दिसलं हे तुलाही कळू दे.

"सरांनी मटणवाल्याकडून आतडं आणलं होतं. म्हणाले जोड दे. मी दिला. मी वाट बघत होतो, आता म्हणतील छान, सरक जरा. ते सरकवेनात. त्यांनी आतड्यात पाणी भरलं, आणि माझ्या टाक्याने जिथे कड कापली होती तिथून पाणी यायला लागलं. एक एक टाका दाखवून म्हणाले, हा चुकला, हा चुकला, हाही. मला वाटलं गंमत करतायत. सरांनी मला 'चुकला' हा शब्द कधी म्हटलाच नव्हता, काकू. मी हसलो. ते हसले नाहीत, पुढच्या टाक्यावर बोट ठेवलं, तेव्हा कळलं."

"मग?"

"मग मी विचारलं, आपले रंगनाथकाका? सर म्हणाले, हो. तुझा टाका, आणि मी तुला कधी सांगितलं नाही म्हणून तो टाका." त्याने हेल्मेटचा पट्टा सोडला. "मी त्यांना काय बोललो ते तुम्हाला सांगणार नाही."

"सांग."

"म्हणालो, तुम्ही देव होऊन बसलात आणि मला पुजारी करून ठेवलंत. मला सर्जन व्हायचं होतं."

महेश, तू खाली मान घालून ऐकलंस म्हणे. चहा सांगायला बाहेर गेला नाहीस. तेवढं तू केलंस.

मग त्याने हेल्मेट काढलं आणि खुर्चीत बसला. मला दुसरं काही सुचलं नाही. दुपारचे पोहे झाकून ठेवलेले होते, तेच बशीत घालून पुढे ठेवले. त्याने दोन घास घेतले, चमचा ठेवला आणि माझ्याकडे रागाने बघून म्हणाला, "काकू, पोहे खारट आहेत."

मी बशी जवळ ओढली.

"नेहमीच असतात. पहिल्या दिवशी मी इथून निघून कोपऱ्यावर पाण्याची बाटली घेतली होती. अख्खी संपवली."

"मग छान का म्हणालास?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून," तो म्हणाला.

तुझे दाजी गेल्यापासून या घरात मला कोणी खरं बोललेलं नव्हतं. आलेलं प्रत्येक माणूस जेवून जातं, छान म्हणतं. तुझ्या बायकोने, वेदिका वहिनीने तर माझ्या आमटीची वाटी दुसऱ्यांदा मागितली होती. तिलाही पाणी विकत घ्यावं लागलं असेल.

मी उठले, नवे पोहे भिजवले. त्याला ओट्याशी बोलावलं. "मी मीठ घालते. तू चाखून सांग." पहिल्यांदा म्हणाला, कमी पडलं. मी आणखी घातलं. म्हणाला, "थांबा. आता बास." मी मिठाच्या डब्यातला चमचा बदलून छोटा ठेवला.

सुरगाण्याला तो दिवाळीनंतर उशिराने जाणार, असं त्याने वर कळवलं आहे, आणि तोवर तिथे दुसऱ्या कोणाची तरी सोय तू लावली आहेस म्हणे. रोज काम संपल्यावर तुझ्यासमोर बसून टाके घालतो. काल आला तेव्हा म्हणाला, पाणी झिरपलं नाही. मी विचारलं, "सर छान म्हणाले का?"

"नाही," तो म्हणाला. "म्हणाले, परत घाल."

सायलीला मी तक्रारीचं नको म्हणून सांगितलं. ती माझ्यावर चिडली आहे. तिचं चुकीचं नाही. मालेगावचा, धुळ्याचा, आणखी जे कोण तुझ्या हाताखालून गेले त्या सगळ्यांना तू बोलावून घेणार आहेस असं सार्थक म्हणाला. बोलावलंस की कळव. नाही बोलावलंस तर मी परत लिहीन, आणि या वेळी पत्र तुला नसेल.

माझा राग गेला असं समजू नकोस. सकाळी दोन कप चहा ठेवते आणि एक ओतून टाकते, तेव्हा तो रोज नव्याने येतो. तुला माफ केलं असं मी कुठेही लिहिलेलं नाही, मागची पत्रं काढून बघ.

पण भाऊबीजेला ये. बेल वाजवलीस तर दार उघडीन. ओवाळीन. विधवेने ओवाळू नये असं कोणाला वाटलं तर त्यांनी माझ्या तोंडावर येऊन सांगावं. जेवायला थांब. मीठ मी माझ्या अंदाजाने घालणार आहे, कोणाला चाखायला लावणार नाही. पहिला घास घेतलास की कसं झालंय ते सांग.

छान म्हणालास तर पुढ्यातलं ताट उचलून घेईन.

ताई